जुन्या पीसीतलं नव्यात काय घ्यावं, काय टाकावं? (कारखान्यातला संगणक, सोलापूर)

मागावाला

नमस्कार मंडळी. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला. ऑफिसात २०१४ साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे. आय५-४४६०, एच८१ बोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. नंतर १२० जीबीची एसएसडी आणि एक जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड टाकलं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेलाच, वर ४५० वॅट लिहिलंय.

जकार्डची (विणलेल्या नक्षीची) डिझाइनं यावरच होतात, टॅलीही यावरच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून आय३-१२१०० आणि डीडीआर४ वाला एच६१० बोर्ड घ्यायचं ठरवलंय. बाबांचं म्हणणं, "बाकीचं सगळं चालू आहे ना? मग नवीन कशाला?" रॅमचे भाव बघून मलाही तेच वाटायला लागलंय.

पुण्याच्या चुलतभावाने त्याचा जुना ६५० वॅटचा मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणारा) एसएमपीएस दिलाय, पण वायरी हरवल्यात. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर वायरी माझ्या मित्राकडे पडून आहेत, प्लग बसतात. त्या लावू का? गड्डा यात्रा संपली की काम सुरू करणार.

शेंगाचटणी

बाबांचं बरोबर हाय की ओ. कॅबिनेट धुऊन घ्या, वर एक सोलापुरी चादर घाला, नवीनच दिसतंय.

बाराव्होल्ट

मागावाला, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो सगळ्यात महाग पडेल. त्या वायरी लावू नका.

मॉड्युलर वायरीचं संगणकाकडचं टोक ठरलेलं असतं. बोर्डाचा २४ पिनचा प्लग असो की साटाचा (डिस्कचा), तिथे कोणत्या पिनवर काय येणार हे ठरलेलं. पण एसएमपीएसकडच्या टोकाला असा कुठलाच नियम नाही, प्रत्येक कंपनीची आपली मांडणी. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक सापडतो. प्लग बसतो याचा अर्थ फक्त एवढाच की प्लास्टिकचा आकार जुळला. साटा वायरीत ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आले की हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही एका सेकंदात गेल्या. धूर निघेलच असं नाही, नुसत्या दिसायच्या बंद होतात.

हे ऐकीव नाही. २०१९ मध्ये माझ्याच भावाने असं केलं. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक लग्नाच्या फोटोंची. वायर त्याच्या हातात तशीच होती, म्हणतो, "अरे, बसली की व्यवस्थित."

त्याच मॉडेलची मूळ वायर मिळत असेल तर घ्या, नाहीतर तो एसएमपीएस शोभेची वस्तू. मल्टिमीटरने एकेक पिन तपासून जुळवता येतं हे खरं, पण ज्याला ते येतं तो इथे विचारत नाही. राग मानू नका.

आता जुना ४५० वाला. त्याच्या बाजूचं लेबल वाचा आणि १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

मागावाला

राग कसला, वाचलो म्हणायचं. लेबलवर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर आहे.

बाराव्होल्ट

१२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. ४५० चा आकडा ३.३, ५ आणि १२ ची बेरीज करून, वर थोडं पदरचं घालून काढलेला असतो. आय३-१२१०० चा टर्बोतला कमाल आकडा ८९ वॅट आहे, म्हणजे कागदावर १९२ पुरतील. पण तो डबा तुमच्याकडे ११ वर्षं चाललाय, तेही कारखान्यात. उघडून बघितलाय का कधी? म्हणजे पीसी, एसएमपीएस नव्हे. एसएमपीएसचा डबा उघडायचाच नाही, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

जुनंतेसोनं

एवढं घाबरवू नका हो पोराला. माझ्याकडे २००९ चा एसएमपीएस अजून चालतो. साधी परीक्षा आहे: २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी तारेच्या तुकड्याने जोडायची, पंखा फिरला आणि मल्टिमीटरवर १२ च्या आसपास आलं की माल चांगला. माझा १२.१ दाखवतो. दुकानदार नवीन विकायलाच बसलेले असतात.

बाराव्होल्ट

जुनंतेसोनं काका, तारेची परीक्षा मीही करतो, पण मेलेला ओळखण्यासाठी. जिवंत असलेला किती धडधाकट आहे हे त्यातून कळत नाही. रिकामी बैलगाडी सगळेच ओढतात. नियमाप्रमाणे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये, आणि ती लोड असताना. पंखा फिरवायला किती लागतं, दोन वॅट? गेम किंवा रेंडर चालू असताना ११.२ वर येणारे डबे मी बघितलेत, तेच डबे तारेच्या परीक्षेत १२.१ दाखवत होते.

दुसरं म्हणजे रिपल. व्होल्टेज सरासरी १२ दिसतं पण आत बारीक थरथर असते. साध्या मल्टिमीटरला ती नीट दिसत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. कपॅसिटर सुकत गेले की ही थरथर वाढते आणि बोर्डावरचे कपॅसिटर ती खात बसतात. आणि उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. आत्ता जानेवारी आहे म्हणून ठीक. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या ऑफिसात काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

तुमचा २००९ वाला चालतो याचा आनंद आहे. त्याच्यावर लावलेला बोर्डही २००९ चाच असेल. गेला तर हळहळ कमी.

जुनंतेसोनं

बोर्ड २००९ चाच आहे. ही गोष्ट मान्य.

लॅबताई

मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. चाळीस मशिन्स, दर दोन-तीन वर्षांनी जुन्यातून नवं जुळवायचं काम माझ्याकडेच येतं, म्हणून थोडं लिहिते.

हार्ड डिस्क: सगळ्यात आधी डेटा कॉपी करा, *मग* तपासा. लोक उलटं करतात. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास चालणारी पूर्ण तपासणी लावली तर ती त्या तपासणीतच जाते. टॅलीचा डेटा आणि डिझाइनच्या फाइल्स दुसरीकडे गेल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयित भाग) या दोन ओळी शून्य हव्यात. पेंडिंग वाढत असेल तर डिस्कला निरोप द्या. यूडीएमए सीआरसीची (डेटा पाठवतानाच्या चुकांची) संख्या मोठी दिसली तर घाबरू नका, तो बहुतेकदा साटा वायरीचा दोष असतो, वायर बदला. किती तास चालली हा आकडा बघून लोक उगीच डिस्क फेकतात. आमच्याकडे ४० हजार तासांच्या धडधाकट डिस्क आहेत आणि ६ हजार तासांत गेलेल्याही.

रॅमचा विषय लगेच संपतो. डीडीआर३ डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही, कट वेगळ्या जागी आहे आणि व्होल्टेजही वेगळं, १.५ आणि १.२. आमच्या एका विद्यार्थ्याने जोर लावून बसवायचा प्रयत्न केला होता. बसली नाही, स्लॉट मात्र तुटला.

एसएसडी: १२० जीबी आज विंडोजसाठी अपुरी पडते. नव्या बोर्डावर एम.२ ची (थेट बोर्डात बसणाऱ्या चपट्या एसएसडीची) जागा असेल, तिथे नवीन घ्या. जुनी तात्पुरत्या फाइल्सना ठेवा. पण बॅकअप घेऊन कपाटात टाकायला एसएसडी वापरू नका, वीज न देता फार दिवस पडून राहिली तर डेटा टिकण्याची खात्री नसते. त्यासाठी चांगली हार्ड डिस्कच बरी.

मागावाला

ताई, लई उपकार. पेंडिंग ८ दाखवतंय. वाढतंय का ते उद्या बघतो. डेटा आज रात्रीच काढतो.

जुनी एसएसडी तशीच नव्या बोर्डाला लावली तर विंडोज चालू होईल ना? आणि ग्राफिक्स कार्ड?

हुतात्माने_येणारा

एसएसडीचं सांगतो, हे मी भोगलंय. २०१४ चं इन्स्टॉलेशन बहुतेक जुन्या पद्धतीचं, एमबीआर आणि लेगसी बूटवालं असणार, म्हणजे डिस्कची मांडणी आणि सुरू व्हायची रीत दोन्ही जुनी. नवे बोर्ड यूईएफआय या नव्या रीतीवर चालतात. प्रोसेसरचे अंगचे ग्राफिक्स वापरले तर जुनी रीत चालवणारा सीएसएम मोड तिथे मिळतच नाही. म्हणजे डिस्क दिसेल पण विंडोज उठणार नाही. एमबीआरचं जीपीटी, म्हणजे नवी मांडणी, करायचं साधन विंडोजमध्येच आहे, पण दहा वर्षांचे ड्रायव्हर आणि कचरा घेऊन नव्या घरात कशाला जायचं? कोरं इन्स्टॉल करा. लायसन्स बघा मात्र, मशिनसोबत आलेलं ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं.

कार्डाचं बाराव्होल्ट सांगतील. माझं मत, काढून ठेवा. १२१०० ला, म्हणजे नावाशेवटी एफ नसलेल्याला, स्वतःचे ग्राफिक्स आहेत आणि जकार्डचं काम दुमितीच आहे. शिवाय ७५० टीआयच्या पिढीला एनव्हिडियाने नेहमीचे ड्रायव्हर द्यायचं ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबवलं, आता फक्त सुरक्षेपुरते येणार. अजून एक यंत्र तापवायला आणि कापूस ओढायला कशाला ठेवता?

बाराव्होल्ट

+१. कार्ड वाईट नाही, ६० वॅटचं गरीब कार्ड आहे, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायरही लागत नाही. पण गरज नाही. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर बोर्ड घेताना मागे व्हीजीए आहे की नाही तेवढं बघा.

कूलरही जुना ठेवू नका. ११५० सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर, १७०० ची ७८ वर. तीन मिलिमीटरसाठी प्लास्टिकच्या पिना वाकवून बसवणारे वीर आहेत, नंतर ते "प्रोसेसर शंभर अंशाला जातोय" म्हणून धागा काढतात. कंपनीच्या खोक्यातला प्रोसेसर घेतला तर कूलर सोबत येतो.

वायरमनकाका

सगळे आतलं बोलताय. पोरा, मला एक सांग, पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात का?

मागावाला

काका, येतात! अनवाणी असलो तर जास्त. आम्ही समजत होतो की पीसी जुना झाला म्हणून.

वायरमनकाका

वाटलंच. पीसीचा दोष नाही, तुझ्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की ती गळती जमिनीत जाते. नसलं की बॉडीवर २३० चे निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण तू तसाच नवीन बोर्ड त्यात बसवणार, मॉनिटरची वायर, पेन ड्राइव्ह चालूमध्ये लावणार, काढणार. तिथे ठिणगी पडली की पोर्ट जातो. आणि उद्या खरंच आत फेज बॉडीला टेकला तर मुंग्या येणार नाहीत, माणूस चिकटेल.

वायरमन बोलव. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ पण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पाहिजे. आणि नीट ऐक: काही लोक सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारतात आणि "झालं अर्थिंग" म्हणतात. तसं करू देऊ नको. न्यूट्रल तुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३०.

मागाची लाइन थ्री फेज आहे ना? तिथे मुख्य न्यूट्रल ढिला झाला तर सिंगल फेजच्या सामानावर व्होल्टेज कुठल्या कुठे चढतं, चारशेच्या जवळ सुद्धा. न्यूट्रलचा स्क्रू वर्षातून एकदा आवळून घेत जा. तुझ्या सगळ्या पार्टपेक्षा तो स्क्रू स्वस्त.

शेंगाचटणी

काका, आमच्या साखर पेठेतल्या घरी फ्रिजला पण मुंग्या येतात. आजी म्हणते, फ्रिज नवीन हाय म्हणून लाजतोय. उद्याच माणूस बोलवतो बगा.

लॅबताई

अजून एक राहिलं, सफाई. कारखान्यात कंप्रेसर असेल, मोह होणारच. पण त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, बोर्डावर मारू नका. छोटा ब्लोअर आणि रंगाचा मऊ ब्रश पुरे. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने भन्नाट फिरवलं की बेअरिंग जाते. कापसाचं तूस ओलं होऊन हीटसिंकच्या फटीत नमद्यासारखं बसतं. तेवढं चिमट्याने ओढून काढा.

हुतात्माने_येणारा

कॅबिनेट बिनधास्त ठेवा. दोन गोष्टी बघा. जुन्या बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते छोटे खांब) मोजा. नव्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढला नाही तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. दुसरं, नव्या बोर्डाला प्रोसेसरचा ८ पिनचा प्लग असतो, तुमच्या जुन्या डब्याला बहुधा ४ च पिन असतील. एसएमपीएस बदलायचं तेही एक कारण.

आणि मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या मोठ्या प्लगवरून) साटा करणारा जोड घेऊ नका, निदान प्लास्टिक ओतून बनवलेला तरी नकोच. आत तारा चिकटून शॉर्ट होतो, जळतो. नव्या एसएमपीएसला पुरेसे साटा प्लग असतातच.

बाराव्होल्ट

जोडायची पद्धत: आधी सगळं कॅबिनेटच्या बाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, मॉनिटर, बस. हे उठलं की मग एकेक जुनी वस्तू लावत जायची. सगळं एकदम लावून बटण दाबलं आणि उठलं नाही, तर नऊ संशयित आणि एक रात्र. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून मात्र चालू करू नका, ती बाहेरून वीजवाहक असू शकते. चादरीवरही नको, शेंगाचटणीचं ऐकू नका.

यूपीएस कोणता आहे? जुन्या साध्या यूपीएसची लहर चौकोनी असते आणि पीएफसीवाले (वीज सुधारून घेणारं सर्किट असलेले) नवे एसएमपीएस कधीकधी लाइट जाताच त्यावर बंद पडतात. टॅलीत एंट्री करायला बसण्यापूर्वी रिकाम्या मशिनवर एकदा मेन स्विच बंद करून बघा.

जुनंतेसोनं

जुन्या पीसीचं काय करणार? चौथ्या पिढीचा आय५ फेकायची वस्तू नव्हे. लिनक्स टाका, पोरांना द्या.

मागावाला

(आठ दिवसांनी)

मंडळी, झालं. जरा सविस्तर लिहितो.

पेंडिंग सेक्टर दुसऱ्या दिवशी ८ चे २४ झाले. डेटा आदल्या रात्रीच निघाला होता, दोन डिझाइनच्या फाइल्स उघडल्या नाहीत, त्यातली एक बाबांच्या मित्राच्या पेन ड्राइव्हवर सापडली. दुसरी पुन्हा काढावी लागेल. डिस्क बाद.

काका, तुमचा वायरमनवाला सल्ला मी थोडा हसण्यावारी नेला होता. त्याने सॉकेट उघडलं तर आत अगदी तुम्ही म्हणालात तोच तुकडा. न्यूट्रलवरून अर्थला. कुणी मारला, कधी मारला, देव जाणे. गंमत म्हणजे शेजारच्या सॉकेटला तुकडाही नव्हता आणि अर्थही नव्हतं, पीसी त्यावर होता. आता नवीन अर्थिंगचा खड्डा केलाय, मुंग्या बंद. बाबांनी त्याचे पैसे एका शब्दानं न बोलता दिले. एसएमपीएससाठी मात्र तीन दिवस बोलत होते.

नवीन घेतलं: प्रोसेसर, बोर्ड, ८ जीबीची एक रॅम, एम.२, एसएमपीएस. जुनं राहिलं: कॅबिनेट, त्याचा पुढचा पंखा, १२० ची एसएसडी, मॉनिटर, स्क्रू. पुठ्ठ्यावर पहिल्या झटक्यात उठलं. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर उठेना! घाम फुटला. मग आठवलं, स्टँडऑफ मोजले होते पण काढायचा राहिला होता. एक जास्तीचा. काढला, उठलं. बोर्डाला काही झालं नाही, नशीब.

यूपीएसची परीक्षा पहिल्या वेळी पास, दुसऱ्या वेळी मशिन बंद पडलं. म्हणजे त्याचाही नंबर लागणार. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

जुना आय५ ग्राफिक्स कार्डासकट बहिणीच्या मुलाला, लिनक्स टाकून. त्यासाठी वेगळा छोटा एसएमपीएस घेतला.

शेंगाचटणी

आणि तो ४५० वॅटचा हिरा? मला द्या की, माझ्या स्पीकरला १२ व्होल्ट पाहिजेत.

मागावाला

त्याच भीतीनं २४ पिनचा अख्खा जुडगा कापून टाकला. बाबा म्हणाले, चालू वस्तू मोडली. भंगारात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे देणार.

वायरमनकाका

कापायच्या आधी प्लग काढला होतास ना?

मागावाला

हो ओ काका. आदल्या रात्रीच.